सृष्टीचे केस

प्रिय अश्विनीताई,

आधी कामाचं सांगतो. ओंकार आणि निकिताला उजेडात बसवून त्यांची डोकी नीट बघ. सृष्टीच्या डोक्यात उवा झाल्यात, आणि पाडव्याला तिन्ही पोरं एकाच उशीवर झोपली होती. रागावू नकोस, मला कळलंच नाही. शाळेतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दुधाचे कॅन उतरवत होतो. पोरगी सारखी डोकं खाजवते, मानेवर फोड आलेत, असं त्या सांगत होत्या. मी बरं म्हणालो आणि उरलेले कॅन उतरवले.

ज्योती गेल्यापासून माझं असंच चाललंय. टेम्पो वेळेवर डेअरीत पोचतो, सृष्टीचा डबा भरतो, आईच्या डोळ्यांत थेंब घालतो. आईला आता जवळचंही धड दिसत नाही, म्हणून वेणी मीच घालायचो. रोज ते केस माझ्या हातात असायचे आणि मला काही दिसत नव्हतं. दहाव्याला सगळे म्हणाले, अंगद खंबीर आहे. खंबीर कसला, ताई. आत काही हलतच नव्हतं.

शेजारच्या रंगुबाई म्हणाल्या, मशीन फिरवून टाक, वाढत्यात केस. मला ते सोपं वाटलं. राहुरीत स्टँडजवळच्या सलूनमध्ये तिला नेलं. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तिला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. ती रडली नाही, नको म्हणाली नाही. आरशातून माझ्याकडं बघत तिनं विचारलं, "पप्पा, आत्याकडं पाठवायच्या आधी केस कापायचे असतात का?"

तिला आपण काहीच सांगितलं नव्हतं. दहाव्यानंतर ओसरीत बसून तिला तुझ्याकडं पाठवायचं आपण ठरवलं, तेव्हा ती आजीच्या मांडीवर झोपलीय असं आपण धरून चाललो होतो. इतके महिने ती हे मनात घेऊन शाळेत जात होती. मी कापड सोडलं आणि तिला खाली उतरवलं.

मग मेडिकलमधून औषध आणि बारीक दातांची फणी आणली. आई रॉकेल लावायला सांगत होती, पण मेडिकलवाल्यानं रॉकेलचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं. औषधानं उवा मरतात, पण लिखा केसाला चिकटून राहतात, त्या फणीनंच ओढून काढाव्या लागतात. आठवड्यानं पुन्हा औषध लावायचं. उशांचे अभ्रे, टॉवेल, तिच्या रिबिनी, सगळं उकळत्या पाण्यात टाकलं.

रोज दुपारी लिंबाखाली तिला पुढ्यात घेऊन बसतो. माझ्याकडं पाठ असली की ती बोलते, ताई. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, आईला दवाखान्यात नेलं तेव्हा आईनं मला हाक मारली होती का? मी म्हणालो, हो, गाडीत बसेपर्यंत मारत होती. ते खरंच होतं, पण आजवर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं तिचे खांदे हलायला लागले. मी फणी बाजूला ठेवली आणि तिला रडू दिलं. नंतर तिनं माझं डोकं बघितलं. माझ्यातही निघाल्या. मला अजून रडू येत नाही, पण तिची बोटं केसांतून फिरताना मला कळत होती. बऱ्याच दिवसांनी काहीतरी कळत होतं.

फोनवर तू बोलत जातेस आणि मी हो म्हणत जातो, म्हणून लिहितोय. परीक्षा संपल्यावर तिला न्यायला येऊ नकोस. तू तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळशील, यात मला शंका नाही. मी शाळेतून तिचा दाखला काढलेला नाही, काढणारही नाही. तिला काल तसं सांगितलं. तिनं फक्त विचारलं, "नक्की ना?" मी नक्की म्हणालो. आता तूही मला हे मोडायला लावू नकोस.

तुझाच,
अंगद