सुमनचे लाडू

चिंचवड, रविवार, जानेवारी १९७४

आज कंपनीच्या शर्यतीत दुसरा आलो. गुडघ्यानं जरासुद्धा कुरकुर केली नाही. सुमन महिनाभर डब्यात डिंकाचा लाडू घालत होती. "पळणाऱ्याच्या सांध्यांना चांगला, खा मुकाट्यानं."

संध्याकाळी सासूबाई नातवाला बघायला आल्या. सुमन भिंतीला धरून उठली, तशा म्हणाल्या, "बाळंतिणीला म्हणून डबाभर लाडू पाठवले, तरी अजून कंबर धरतीयेस?"

"संपवले की सगळे," सुमन म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लाडू आले कुठून, एकदा तरी विचारायचं होतं! घरात बाळंतीण, आणि डिंकाचे लाडू मी खातोय. कसं सुचलं नाही?

बक्षिसाचा पेला तिनंच फळीवर ठेवला. भिंतीला धरून उठून.