रायकीबाईची नवाई

१८ ऑगस्ट, सोम.
बांधावरचा मका भरला. चार कणसं भाजली, मीठ-मिरची चोळली. एक रायकीबाईला दिलं. तिने हातात घेतलं, पाहिलं आणि परत ताटलीत ठेवलं. "मी खावाव नई, बाई." एवढंच. खुरपं घेऊन कपाशीत निघून गेली.
हे गेले त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ही पावरा आदिवासी बाई आमच्या म्हसावदच्या शेतातल्या खोलीत राहते. सकाळचा चहा दोघींचा एकत्र. माझ्या हातचं तिने कधी परत केलं नव्हतं. आज केलं. माझं कणीसही तसंच राहिलं.

१९ ऑगस्ट
जाऊबाईंना सांगायला नको होतं. "दख! आते त्या बी आपला हातनं खावाले नई म्हनतस. आखो बसाड डोकावर!"
आपण त्यांच्या हातचं पाणी किती पिढ्या घेतलं नाही, हे जाऊबाईंना आठवलं नाही. खरं लिहायचं तर मलाही कालपर्यंत आठवत नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरु.
सरळ विचारलं. रायकी हसत सुटली. "तुन्हा कनिसले काय व्हयनं? नवाई व्हई नई आजून! पहिले देवले, जुना मानसंले. मंग आम्ही."
म्हणजे मका, काकडी, शेंग, नवं काहीही गावच्या पूजेआधी तोंडात घालायचं नाही. शेतात दिवसभर तेच तोडते, पाटीत भरते, आणि खोलीवर जाऊन मागल्या वर्षीच्या ज्वारीची भाकरी खाते.
मी म्हटलं, अगं, आम्हीसुद्धा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने विस्तवात घास, म्हणजे आगारी, टाकल्याशिवाय आंबा खात नाही.
"मंग! इतली पुस्तकं वाचस, आनि इतलं समजनं नई?"
 
ह्यांना हे ऐकवलं असतं तर दोन दिवस चिडवलं असतं मला.

२४ ऑगस्ट, रवि.
तिची जुनी ज्वारी संपत आली. माझ्या कोठीतले मागल्या सालचे गहू दिले. ते चालतात. पाटी डोक्यावर घेताना मग तिने बाकीचं सांगितलं.
तिच्या गावाची नवाई ७ तारखेला. प्रत्येक घरच्या मोठ्या पुरुषाने नव्या धान्यावर मोहाच्या दारूची धार सोडायची, पूर्वजांची नावं घ्यायची. नवरा नाही, म्हणून ते काम दिलीपचं, तिच्या मुलाचं. पण दिलीपने होळीनंतर माळ घातली. दारू नाही, मांस नाही. शिवणारही नाही. त्याने धार सोडली नाही तर या घराची नवाई नाही, आणि हिच्या तोंडात नवा दाणा नाही.
"मग किती दिवस?"
"व्हई नई तवलोंग."

२८ ऑगस्ट, गुरु.
दिलीप आला होता. दोन लेकरांचा बाप, बोलणं हळू. आईच्या पाया पडला. मी पपईला पाणी देत होते, सगळं ऐकू येत होतं.
"माय, दारूनी मन्हा बापले खाधं. मी ती हातमां धरावाव नई."
"तू पेऊ नको. धरतीले दे."
"वचन देयेल शे मी."
रायकीने पुन्हा म्हटलं नाही. ज्या भांड्यात कधी मटण शिजलं त्यातलं तो खात नाही, म्हणून ती माझ्याकडून कोरं पातेलं घेऊन गेली. त्यात त्याच्यासाठी वेगळी डाळ केली. समोर बसून वाढली. स्वतः आपल्या जुन्या भांड्यातलं जेवली.
दोघं शेजारी शेजारी. कोणी कोणाला वाकवलं नाही. मी चिडले असते. रडले असते. माझं माहेर कोरीटचं, तिथे बायका एवढ्यावरून वर्षभर बोलणं टाकतात.
बाप दारूने गेलेल्या मुलाने अशी शपथ घेणं हेही काही लहान नाही.

१ सप्टेंबर, सोम.
आज चुकले. तिला म्हटलं, तूच सोड ना धार. घर तुझं, कष्ट तुझे.
खुरपं थांबलं. "तू टाकस का आगारी?"
मी म्हटलं, पुतण्या टाकतो.
"मंग माले कसाले सांगस?" तण उपटून टाकत, "आम्हना नेम आम्हना मानसं बदलतीन, बाई. तू नई."
लागलं. पण बरोबर होतं. ह्यांच्या नावाची आगारी टाकायची इच्छा मी तीन वर्षांत एकदाही घरात बोलून दाखवलेली नाही. आणि दुसरीच्या देवाची वाट दाखवायला निघाले.

४ सप्टेंबर
रायकी म्हणाली, नवाईले ये. माझ्यावरचा राग गेला असावा. की नव्हताच.
जाऊबाई: "जाय. पन कोंबडं खाई येशी तं मन्हा चुलाले शिवू नको!" आणि स्वतःच हसल्या. जाताना लेकरांसाठी गुळाची ढेप दिली माझ्याजवळ. अशा आहेत.

७ सप्टेंबर, रवि. घरी परतल्यावर
सकाळच्या जीपने धडगावच्या बाजूला वर गेलो. अंगण शेणाने सारवलेलं. पानांवर कणसं, काकड्या, नव्या बंटीचे बारीक दाणे. अख्खं गाव जमलेलं. म्हातारा पुजारा मला म्हणाला, "तुम्ही आमच्यातल्या नाहीत, बाई. तुम्ही इथे बसा." आणि स्वतः खाट ओढून दिली, सावलीत. इतकं सरळ मला कोणी सांगितलेलं नाही. आमच्याकडे हळदीकुंकवाला बोलावतही नाहीत आणि बोलावत नाही असं म्हणतही नाहीत.
दिलीप नव्हता. गावातल्या कारभाऱ्यांचं बोलणं सुरू झालं. एकजण म्हणाला, रायकीचं घर सोडून पूजा करा, उन्हं कलली. दुसरा म्हणाला, त्याचा चुलता धार सोडेल.  पुजाऱ्याने विचारलं, "मुलगा आपला आहे की नाही?" कोणी नाही म्हटलं नाही. "मग थांबा."
थांबले. लेकरं उपाशी, काकड्या समोर. एकाही लेकराने हात लावला नाही. भुकेली माणसं इतकी शांत बसलेली मी पाहिली नव्हती.
चार वाजता तो आला. गळ्यात माळ, हातात पाण्याने भरलेला तांब्या. अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, माझ्याकडे हे आहे.
पुजाऱ्याने तांब्याकडे पाहिलं. मग म्हाताऱ्यांकडे. गेलेली जुनी माणसं पाणी ओळखतील का, असं कोणीतरी हळूच विचारलं. दुसरं कोणी म्हणालं, तहान त्यांनाही असेल.
खालची शेवटची जीप हॉर्न देत होती. उठावं लागलं. रायकी माझ्याकडे पाहत नव्हती. चटईवर एका बाजूला सरकली होती. तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली होती.
तिथे फोन लागत नाही. ती बुधवारी येणार.