स्वस्तातली दुनळी

मुशुंबी, १२ मे

तीर्थरूप फिनियसमामा, अहो मुकान्या, समस्त माकडकुळाचे भूषण,

भाचा ओनियासच्या टाळ्या स्वीकाराव्यात. रीतीप्रमाणे खाली बसून, तळहात पोकळ करून वाजवल्या आहेत, त्या बुलावायोपर्यंत पोचल्या असं धरून चालतो. तुमचा गुडघा कसा आहे? वर्कशॉप कसं चाललंय? रेल्वेतून निवृत्त होऊन तुम्हाला तीन वर्षं झाली, आणि "पुढच्या महिन्यात गावी येतो" हे तुमचं वाक्य आम्ही अजून जपून ठेवलं आहे. मामी इथलं तुमचं घर बंद करून मुटारेला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, ती तिकडे खुशाल असेलच. (तिने तिथेच निवांत राहावं, परतायची घाई करू नये, असं आपलं माझं मत. बाळ लहान आहे.)

पत्रास कारण की मला दुनळी रायफल घ्यायची आहे आणि काडतूस कोणतं निवडावं यावर तुमचा सल्ला हवा आहे. तुम्ही सुतार, जन्मभर रंध्याशिवाय दुसरं काही हातात धरलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना यातलं कळतं त्या सगळ्यांचे सल्ले घेऊन झाले आणि डोकं भणभणलं, म्हणून आता यातलं काहीच न कळणारा एक माणूस हवा आहे.

तुम्हाला माहीतच आहे, मी एकोणीस वर्षं शिकाऱ्यांच्या पुढे माग काढत चाललो. माग मी काढायचा, काटे मला लागायचे, आणि फोटोत टोपीवाला. यंदा सेहेचाळिसाव्या वर्षी, तिसऱ्या खेपेला, शिकाऱ्याची परीक्षा पास झालो. पण कॅम्पचे मालक हॅडो साहेब म्हणाले, "ओनियास, कॅम्पची जुनी एकनळी घेऊन गेलास तर पाहुणे तुला आचारी समजतील. दुनळी आण. शनिवारी पन्नास पावलांवर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या माझ्या तळहाताखाली झाकल्या गेल्या, तर जूनपासून पाहुणे तुझे. नाहीतर अजून एक वर्ष माग काढ." माझी अडचण अशी की चेंगेतोच्या आईने, म्हणजे आमच्या घरच्या सरकारने, चर्चच्या सगळ्या बायकांना नवरा शिकारी झाल्याचं केव्हाच सांगून टाकलंय. मामा, मला स्वतःलाही आता फोटोत यायचंय हो. लाजत नाही सांगायला.

तर काडतुसं. नऊ-तीन नावाचं एक असतं, स्वस्त आणि गुणी, खांद्याला नुसत्या गुदगुल्या करतं. पण ते कायद्याच्या काठावर पास होतं, आणि समोरचा रानरेडा काठावरच्या पोराला पास करेलच असं नाही. दुसरं चारशेचं, फार खानदानी, धक्का सौम्य. मात्र ते परदेशातून मागवावं लागतं, आणि तोवर रेड्याला थांबा म्हणावं लागतं. पाचशेचं घेतलं तर पुढे रेडा पडतो आणि मागे आपण, मग कोण आधी उठतो यावर निकाल. राहिलं चारशे सत्तर. ते जवळजवळ सगळेच वापरतात, त्यामुळे पाहुणे जाताना उरलेली काडतुसं मोज्यांबरोबर तंबूत टाकून जातात. हॅडो साहेबांच्या मते जगातलं सर्वांत उत्तम काडतूस म्हणजे खिशात असलेलं. (त्यातून आमचं देवकच रानरेडा. तुमचं माकड, तुम्हाला हा ताप नाही, माकडाला कोणी चारशे सत्तर लावत नाही. मला मात्र भाऊबंदाला कशाने मारावं हे ठरवायचं, वर त्याची माफी मागायची, आणि सगळा गाव रस्सा ओरपत असताना मी सुक्या मासळीशी मक्याच्या पिठाचा कोरडा साद्झा गिळायचा. एकोणीस वर्षं हेच चाललंय.)

रायफलीचे बाकीचे लाडही कमी नाहीत. चाप एक असावा की दोन? दोनच असावेत, एक रुसला तर दुसरा असतो. पण धक्क्याने बोट पुढच्यावरून मागच्यावर घसरलं की दोन्ही नळ्या एकदम उडतात आणि आपणही. रिकामी काडतुसं आपोआप बाहेर उडवणारी कळ हवी का? ती टणकन वाजते आणि रेड्याला आपला पत्ता कळवते. आणि चाप अडवून धरणारा सुरक्षेचा खटका? काही रायफलींचा खटका दर वेळी काडतूस भरलं की आपोआप लागतो. हा शोध ज्याने लावला त्याच्या अंगावर कधी रेडा आला नसणार. सर्वांत नाजूक भानगड नळ्यांची. त्या सरळ समांतर नसतात मामा, एकमेकींकडे अंमळ कललेल्या असतात, म्हणजे एका ठरावीक काडतुसाने पन्नास पावलांवर दोघींच्या गोळ्या एका जागी पडतात. काडतूस बदललं की एक गोळी हरारेला, दुसरी लुसाकाला.

एवढा विचार करून झाल्यावर माझ्या ऐपतीत एकच रायफल निघाली, त्यामुळे निवडीचा प्रश्नच मिटला. कारोईला एका म्हाताऱ्या शिकाऱ्याची विधवा मुलाकडे परदेशी निघाली होती. चारशे सत्तर, दोन चाप, खटका शहाणा, नळ्या आरशासारख्या, सोबत दीड डबा काडतुसं. माझी मोटरसायकल आणि तीन बकऱ्या गेल्या. इतकी स्वस्त कशी, हे विचारायचं मी सोयीस्कर विसरलो. घरी येऊन खांद्याला लावली तेव्हा कळलं. त्या म्हाताऱ्याचा उजवा डोळा अधू होता, म्हणून उजव्या खांद्यावर ठेवून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा असा तिचा दस्ता नदीसारखा वळवून घेतलेला. मी मान वाकडी करकरून पहिली गोळी झाडली. ती कुठे गेली ते देवाला ठाऊक, दस्ता मात्र थेट नाकावर आला. चेंगेतोच्या आईने ओल्या फडक्याने नाक शेकत विचारलं, "अहो चेंगेतोचे बाबा, ही रायफल नक्की कोणत्या बाजूने मारते?"

मग सरळ दस्ता बनवणं आलं. त्याला पक्कं, वर्षानुवर्षं वाळलेलं, दोन-अडीच इंच जाड लाकूड लागतं. ते मिळालं. कसं मिळालं ते सोडा. मीच कोरला, ओबडधोबड झालाय, पण खांद्यावर नीट बसतो आणि नाक शाबूत राहतं. तर मामा, चारशे सत्तर बरं की पाचशे? सवडीने कळवावं. बसच्या ड्रायव्हरबरोबर पत्र धाडतो आहे.

आपला भाचा,
ओनियास

ता.क. लाकडाचं सोडा म्हटलं, पण तुम्ही सोडणार नाही. ते मुकवाच्या झाडाचं होतं, सागवानाच्या तोडीचं. तुमच्या इथल्या घरच्या पलंगाची उशाकडची फळी. रेल्वेच्या सवयीने तुम्ही पलंगही मालगाडी पेलेल असा केलात, त्यामुळे फळी अगदी मापाची निघाली. तुम्ही कोरलेल्या इंजिनाचा पुढचा अर्धा भाग दस्त्यावर आलाय, धूर नळीकडे जातो, शोभून दिसतं. मामाच्या घरातली वस्तू भाच्याने उचलली तर ती चोरी नव्हे, थट्टा, हा आपल्याकडचा कायदा मी तुम्हाला सांगायला नको.

ता.क. २. आत्ताच चेंगेतोच्या आईने सांगितलं की पलंग तुमचा नाहीच. मामीने स्वतः मडकी घडवून, विकून त्याचं लाकूड घेतलं होतं, तुमची फक्त मजुरी. बाईच्या हातच्या कमाईला भाच्याने बोट लावायचं नसतं, पूर्वज उठतात. (पूर्वजांचं पाहता येईल, मामी उठली तर काय?) तेव्हा मूळ विनंती हीच, काडतुसांचं राहू द्या. आजारी असल्याचं सोंग करा, मामीला निरोप धाडून थेट बुलावायोला बोलावून घ्या, आणि महिनाभर कण्हत राहा. तोवर मी काहीतरी ठोकून बसवतो.

ता.क. ३. बस दोन दिवस बंद पडली होती, त्यामुळे पत्र इथेच राहिलं. आज गुरुवारी बस आली. तिच्यातून मामी उतरली.

ती घरात गेली, बाहेर आली, सरळ माझ्या अंगणात आली आणि तिने दस्त्यावरचं इंजिन पाहिलं. मी पाया पडून टाळ्या वाजवत असतानाच तिने ताटाखालचं हे पत्र उचललं आणि सगळं वाचलं. मला वाटलं आता रायफल माझ्याच डोक्यात. पण ती सोंगाच्या ओळीवर थांबली आणि तिने ती ओळ पुन्हा वाचली. म्हणाली, "अरे भाच्या, तीन वर्षांत जे तुझ्या मामाला सुचलं नाही, ते तुला सुचलं. खोटं का होईना, बोलावलं असतं तर मी तशीच बसमध्ये बसले असते रे." मामा, मला फार वाईट वाटलं. मग डोळे पुसून तिने निकाल दिला. लाकूड तिचं, म्हणून रायफलही तिची. मला हवी तेव्हा टाळ्या वाजवून मागायची.

ता.क. ४. शनिवार. मागितली. ती स्वतः रायफल खांद्यावर टाकून बरोबर आली. धाड, धाड. हॅडो साहेबांनी तळहात ठेवला, दोन्ही भोकं झाकली गेली आणि वर बोटभर जागा उरली! पास झालो, मामा! साहेबांनी फोटो काढला. मध्ये मामी, तिच्या हातात रायफल, कडेला माझा एक कान आलाय. दस्ता पाहून साहेबांनी विचारलं, इंजिन आहे, पण बाकीची गाडी कुठाय? मामी म्हणाली, "तीन वर्षं लेट आहे."

पत्रातलं काहीही खोडायचं नाही, असा तिचा हुकूम आहे. तिने अजून एक सांगायला सांगितलंय. पन्नास पावलांवर का होईना, नळ्यासुद्धा भेटतात. तेव्हा पुढच्या महिन्यात नव्हे, पुढच्या बसने या. तोवर ती आमच्या पलंगावर झोपते आणि मी कोंबड्यांशेजारी. नवा पलंग तुम्हीच करायचा आहे. येताना करवत, रंधा आणि लाकूड घेऊन या. लाकूड कुठलं ते मामीने ठरवलंय, मुकवाचं, चांगलं वाळलेलं. तुमच्या वर्कशॉपच्या दाराचं.