बियाण्याच्या काठ्या

लेटरकेनी, आयर्लंड,
२८ ऑगस्ट २०११

सौ. सुलेखा हिस,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिला असं समज. इकडे लेकाकडे आम्ही ठीक. प्रसन्नला हॉस्पिटलच्या ड्युट्या फार, पोस्टात जायचं तरी त्याला गाडी काढावी लागते. ईशाला माझं मराठी सगळं समजतं, पण नात आजीला उत्तर इंग्रजीत देते. तुम्ही मजेत असाल असं लिहिणार होते, पण तू मजेत नाहीस हे मला कळलंय. खरं सांगू? ऐकलं तेव्हा मला बरंच वाटलं.

गेल्या रविवारी गिरीशभावजींचा फोन आला. बटाट्याचं अर्धं रान आखडलं, झाडं वीतभर राहिली, म्हणाले. "वहिनी, तुम्ही स्वतः निवडलेलं बियाणं असं कसं निघालं?" मी म्हणाले, "साठवणीच्या आरणीतून बियाणं काढताना सुलेखानं ढिगातला बारका माल मिसळला असेल." आता म्हणे पुढच्या लागणीच्या बियाण्याला तुझा हात लागू द्यायचा नाही. शेतातही येऊ नकोस म्हणाले ना तुला? फोनही तुझ्या हातात देत नाहीत. म्हणून हे पत्र.

जाऊ असलीस तरी तू मला आवडत नाहीस. नवी नवरी होतीस तेव्हापासून नाही. मी ओरडावं, तू मान खाली घालावी, आणि गावानं तुला गरीब गाय म्हणावं! एकदा तरी भांडायचीस.

बियाणं म्हणजे त्या घरातली माझी सत्ता होती, लपवत नाही. निम्मं गाव मोठे बटाटे विकतं आणि उरलेले बारके बियाण्याला ठेवतं. रोगट झाडाखालीच बारका माल जास्त निघतो, हे कुणाच्या टाळक्यात शिरत नाही. मी ढिगातून कधी निवडलं नाही. पानं हिरवी असतानाच उभ्या पिकात शिरायचं, एकेक झाड बघायचं, निरोगी दिसेल त्याच्या बुडाशी काठी रोवायची. काढणीला ती झाडं आधी खणायची आणि त्यांची आरण वेगळी लावायची. सासूबाईंनंतर त्या काठ्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावला नाही.

इथं शेजारी ब्रायडी म्हणून म्हातारी आहे. परसात चार सऱ्या बटाटा लावते. बियाणं दरवर्षी विकतचं, तपासणीची चिठ्ठी असलेलं. घरचं बियाणं नाही म्हणून मी तिला मनात हसत होते. या महिन्याच्या सुरुवातीला ती कुंपणाशी एक झाड उपटत होती. पानांवर फिकट ठिपके, कडा वळलेल्या. मला अलीकडून दिसलं. लख्ख दिसलं. ती बाकीची झाडं दाखवून "ग्रँड, ग्रँड" म्हणत होती, म्हणजे छान आहेत, आणि मला फेब्रुवारीतलं आपलं रान आठवत होतं.

जुलैत प्रसन्ननं माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, ते मी तुम्हाला सांगितलंच नाही. दिवाळीपासून मला धुरकट दिसत होतं. डोळे गेले म्हटलं असतं, तर काठ्या तुझ्या हातात गेल्या असत्या. म्हणून फेब्रुवारीत नुसत्या हिरवेपणावर काठ्या रोवत सुटले. आणि तू आलीस. हळूच म्हणालीस, "अक्का, याची पानं आखडल्यात हो." मजूर बायांसमोर मी काय बोलले ते तू विसरली नसशील. "हे तुझ्या बापाच्या दुकानातले तागे नव्हेत, चल बाजूला हो!" बाया फिदीफिदी हसल्या.

म्हणजे गेल्या रविवारी भावजींशी बोलले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि ती मीच दिली.

पण बाई गं, तूही काही कमी नाहीस! तुला दिसलं होतं. मग मी वळल्यावर काठी उपटून का नाही फेकलीस? मूग गिळून का बसलीस? माझी फजिती बघायची होती, की मला इतकी भीत होतीस? यातलं दुसरं खरं असेल, तर ते मला जास्त लागेल. हा राग मी आठवडाभर तुझ्यावर काढतेय, आणि तो फिरून माझ्याकडेच येतोय.

आता नीट ऐक. हे पत्र भावजींना मोठ्यानं वाचून दाखव. तागे आणि फिदीफिदीसकट, एक ओळ गाळायची नाही. मग पानं वाळायच्या आत उरलेल्या अर्ध्या रानात जा आणि काठ्या तू लाव. पानाची मागची बाजूही बघ. शंका आली तर ते झाड सोड. शंभर नाही मिळाली तर चाळीस लाव, उरलेलं बियाणं विकत आणा. मी सप्टेंबरअखेरीला येईन. तोवर थांबू नकोस, आणि फोन करून मला विचारू तर अजिबात नकोस.

माझ्यापेक्षा तुला जास्त दिसतं. हे तोंडानं म्हणणं मला या जन्मी जमायचं नाही, म्हणून लिहून दिलं.

चुकलेली,
सुमित्रा