‘शेवटची बोट’मधला माझा सोलो

३ मार्च २०१४, सोमवार. हल, इंग्लंड.
रेडिओवरच्या ग्वेनचा फोन. आमच्या बँडच्या ‘शेवटची बोट’ गाण्याला चाळीस वर्षं झाली. शुक्रवारी थेट कार्यक्रम : गाण्याचा इतिहास, इतरांनी गायलेली सगळी कव्हर्स, शेवटी गिटारचा तो प्रसिद्ध सोलो मी वाजवायचा. लगेच हो म्हटलं. पलंगाखालून गिटार काढली. सोळा वर्षं हात लावला नव्हता, पण पोहणं कुणी विसरतं का? संकल्प : रोज चार तास.

४ मार्च.
चारही तास कव्हर्स ऐकण्यात गेले. अभ्यासच तो. जपानी पोरींनी वेग दुप्पट केलाय. स्वीडनच्या गायकाने गाणं इतकं संथ केलंय की बोट धक्क्यावरून सुटतच नाही. सोलोमधला अवघड वळसा मात्र एकालाही जमलेला नाही. पूर्वी स्टेजवर मीही तो मुद्दाम गाळायचो. लोकांना सवय लागू नये म्हणून.

५ मार्च, दुपार.
वळसा जमत नाही. तारा जुन्या.

संध्याकाळ.
नव्या तारा. तरी नाही. बटाटे सोलता सोलता ऑड्री म्हणाली, “बर्नी, तिसरं बोट आधी टाक.” बायको झाली म्हणून काहीही सांगायचं! ती बाहेर गेल्यावर टाकून पाहिलं. योगायोगाने बरं वाजलं.

६ मार्च.
कार्यक्रमाला सिरिलही येणार. आमचा गायक. अठ्ठ्याहत्तरपासून अबोला. शिवाय मूळ टेप सापडलीय, नुसती गिटार वेगळी ऐकवणार म्हणे. छातीत धडधडतंय. आनंदानेच. रेकॉर्डिंगचा दिवस मला लख्ख आठवतो. सकाळ आणि संध्याकाळ तरी. दुपारी बिअर होती.
ऑड्रीला नेतोय. कोट सांभाळायला.

७ मार्च, शुक्रवार.
तंत्रज्ञाने टेप जरा आधीपासून लावली. सिरिलचा तरुण आवाज आला : “बर्नीला झोपू दे. ऑड्री, सगळी गिटार तूच वाजव.”
मग सोलो. वळशासकट.
कार्यक्रम थेट चालू. सिरिल खाली बघत म्हणाला, “किती वेळा सांगणार होतो रे. हिनंच शपथ घातली होती.”
मी ऑड्रीला विचारलं, का? माईक चालू आहे हेही विसरलो.
“उठल्यावर ऐकलंस नि म्हणालास, ‘काय वाजवलंय मी!’ इतका खुश होतास, बर्नी. माझ्याच्यानं सांगवेना.”
गिटार माझ्या मांडीवर. बोटं बर्फ. अख्खं हल ऐकतंय. मी गिटार तिच्याकडे दिली.
तिनं वाजवलं. मी कोट सांभाळले.

९ मार्च, रविवार.
काल काही लिहवलं नाही. सिरिलचा फोन आला होता, तासभर बोललो. बरं वाटलं.
ग्वेनने गाण्याची सुधारित माहिती आणि टेपची प्रत पाठवली. गिटार : ऑड्री. माझ्या नावापुढे : टाळ्या.
टाळ्याही काही कमी महत्त्वाच्या नसतात. ठेका त्याच धरतात. खात्रीसाठी टेप पुन्हा लावली, कान देऊन ऐकली. टाळ्या वाजत असताना मागे कुणीतरी घोरतंय.
ऑड्रीला विचारलं. म्हणाली, “जेवायला चल, गार होतंय.”