फलकाचं तोंड

४ जून

१. तळ्याच्या पाण्याचा नमुना तपासला. जंतू मर्यादेच्या चौपट.
२. अहवालावर मी सही केली, साहेबांनीही केली.
३. नियमाप्रमाणे अहवाल 'जनतेसाठी सूचना' म्हणून फलकावर लावला.
४. फलक प्रयोगशाळेच्या आत आहे. दारावर पाटी — 'बाहेरच्यांना प्रवेश बंद'.
५. आई रोज सकाळी त्याच तळ्यात पोहते.

५ जून

आईला म्हटलं, काही दिवस पोहायला जाऊ नकोस.

"का गं?"

"तोंडी माहिती द्यायची परवानगी नाही. फलकावर लावलंय."

"मग येते बघायला."

"आत येता येणार नाही."

"म्हणजे जनतेची सूचना, जनता सोडून सगळ्यांना!" टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेलीसुद्धा! कारण सांगितल्याशिवाय मीही कुणाचं ऐकत नाही. कुणावर गेले, ते उघड आहे.

६ जून

साहेबांना विचारलं, फलक बाहेर लावू या का?

"बाहेरची भिंत बांधकाम खात्याची. शिवाय लोक उगाच घाबरतील."

"सध्या ते निर्धास्त पोहताहेत, सर."

साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढची फाइल उघडली.

दुपारी नियमावली काढून वाचली. फलक 'कार्यालयात' हवा. त्याचं तोंड कुठे हवं, ते कुठेच लिहिलेलं नाही!

७ जून

फलक खिडकीत उभा केला — तोंड रस्त्याकडे. शिपाईकाका म्हणाले, "आता आपण काय वाचायचं?" साहेब आले. फलकाची पाठ न्याहाळली.

"आतच आहे ना?"

"आतच आहे, सर."

"मग ठीक."

संध्याकाळी खिडकीशी ही गर्दी! आईची मैत्रीण ओरडली, "चौपट? अगं बाई, आणि मी त्याच पाण्यानं गुळण्या करते!" मी पडद्याआड हसत होते. आईनं मात्र सगळं शांतपणे वाचलं, अगदी माझ्या सहीपर्यंत.

८ जून

आई पोहायला गेली नाही. हुश्श!

११ जून

टपालात माझ्या नावे अर्ज. अक्षर आईचं, खाली सगळ्या पोहणाऱ्यांच्या सह्या. साहेबांचा शेरा — 'उत्तर तुम्हीच द्यावे.' आईनं जन्मात पहिल्यांदा मला 'आपण' म्हटलंय!

'माननीय महोदया, तळ्यात ही घाण कुठून येते, हे आपल्याला माहीत आहे का? असल्यास तेही खिडकीत लावावे. नसल्यास कधी शोधणार? कृपया २० जूनपर्यंत लेखी उत्तर द्यावे.'