दारापासून दारापर्यंत

दुबई

प्रिय जोया,

फोन असताना भाईने कागद कशाला पाठवला, असं म्हणशील. फोनवर तू स्पीकर लावतेस, अम्मी बाजूला बसते आणि मी अब्बांचं नाव काढलं की दोघींची रेंज एकदम जाते. म्हणून लिहितोय. सातवीपर्यंतचं अक्षर आहे, सांभाळून घे.

कधीही फोन केला तरी अब्बा झोपलेले. दुकानाच्या वेळेलासुद्धा? जो माणूस अंगात ताप असताना बुधवार पेठेत जाऊन लोकांचे अॅम्प्लिफायर उघडून बसायचा, तो भर दुपारी झोपतो? एकदा व्हिडिओवर दाखवलंस, तेही नुसता चेहरा. मागची भिंत हिरवी होती. मी विचारलं तर म्हणालीस, घराला रंग दिला. अब्बांनी आणि रंगाला खर्च केला, वा. आणि अम्मी पूर्वी सलामाच्या आधी कधी येतोस विचारायची. आता फक्त जेवलास का विचारते.

पण खरा किडा तुझ्या त्या प्रश्नाने सोडला. तू हिंजवडीत दिवसभर कम्प्युटरपुढे बसतेस आणि मला विचारतेस, "भाई, तिथून निघालास तर दारापासून दारापर्यंत किती वेळ लागेल?" मी ऐटीत सांगितलं, दोन हजार किलोमीटर, तीन-सव्वातीन तास, तेवढ्यात तुझी कंपनीची बसही घरी पोचत नाही. तू हसली नाहीस.

नंतर गोडाऊनमध्ये खोकी उचलताना डोक्यात आलं, ही पोरगी हिशोब कसला करतेय? दादाजान गेले तेव्हा चाचा सोलापूरहून निघाले होते. अब्बा थांबले नाहीत. मय्यत ताटकळत ठेवू नये म्हणाले. त्याच दिवशी असरच्या नमाजनंतर दफन झालं, आणि चाचा पोचले तेव्हा लोक कब्रस्तानातून हात झटकत बाहेर येत होते.

तर नीट ऐक. तीन तास विमानाला लागतात, मला नाही. पासपोर्ट साहेबाच्या कपाटात असतो. त्याची सही, मग तिकीट, मग विमान, मग पुण्याची ट्रॅफिक. दोन दिवस धर. ऐन वेळी कळवलं तरी भाई संध्याकाळपर्यंत येईल, असं तुम्ही दोघींनी ठरवलं असेल तर ते विसरा.

आणि पत्र हे निमित्त आहे. ते घेऊन आलेला फैझल माझ्याच खोलीत राहतो, सुट्टीवर आलाय. त्याला सांगितलंय, पाकीट जोयाच्या हातात दे आणि अब्बांना सलाम केल्याशिवाय हलू नकोस. घरी नसतील तर ज्या दवाखान्यात असतील तिथे जा. तू हे वाचतेस तेव्हा तो दारातच उभा असेल. चहा पाजून त्याला कटवू नकोस. अब्बांकडे घेऊन जा. तो जे बघेल ते मला सांगेल, आणि मी सहीसाठी साहेबाच्या दारात जाऊन बसेन. जोया, मला माती द्यायला नाही, अब्बांशी भांडायला यायचंय.

तुझाच भाई,
आफताब